लाइट गेली की कॉल पुन्हा अडकतो: लिनक्स राउटरवरच्या रांगेचा माग

"दादा, स्पीड टेस्ट तर पूर्ण दाखवतंय, मग कॉल का तुटतोय?"

गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यातल्या होमस्टेंमधून आणि गणपतीत चाकरमान्यांनी भरलेल्या घरांमधून ही तक्रार जवळपास याच शब्दांत येते. आरतीचे फोटो-व्हिडिओ चार-पाच फोनांवरून आपोआप वर चढायला लागतात आणि त्याच वेळी माडीवर बसून ऑफिसचं काम करणाऱ्या मुलाचा आवाज तुटू लागतो. काउंटरवर यूपीआयचं चक्र फिरत राहतं, बुकिंगचं पान उघडत नाही. कुणीतरी येऊन सेटिंग करून जातं, काही दिवस छान चालतं, आणि मग परत ये रे माझ्या मागल्या.

ज्यांच्याकडे राउटरचं काम लिनक्स करतं, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन आहे किंवा राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठी बनवलेलं लिनक्स) चढवलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. इथे दोन वेगळे दोष एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला दोष असा की पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, रांग आपल्या राउटरमध्ये न लागता मोडेममध्ये लागते, आणि तिथे आपलं काही चालत नाही. दुसरा असा की आपण लावलेला नियम लाइट गेल्यावर गुपचूप पुसला जातो. पहिला दुरुस्त करून दुसरा तसाच ठेवला की तक्रार परत येणारच.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा.

आधी मोजा

स्पीड टेस्टचा आकडा इथे कामाचा नाही. एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग (निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून ठेवा. लाइन मोकळी असताना आकडा साधारण स्थिर दिसेल, समजा वीस-तीस मिलिसेकंद. आता दुसऱ्या मशीनवरून एखादी मोठी व्हिडिओ फाइल वर चढवायला लावा आणि पिंगकडे बघत राहा. आकडा दोनशे, पाचशे, हजार असा चढत गेला आणि अपलोड थांबवताच झटकन खाली आला, तर दोष रांगेचा आहे. केबलवर आकडा हलत नाही आणि फक्त वायफायवर बिघडतो, तर मात्र पुढचं सगळं सोडून द्या. जांभ्याच्या जाड भिंतींपलीकडे सिग्नल अर्धमेला होतो. त्यावर उपाय म्हणजे आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवणं. कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, कुठलीही सेटिंग भिंतीतून सिग्नल नेऊ शकत नाही.

आकडा इतका का चढतो याचा हिशोब सोपा आहे. लिनक्समध्ये इथरनेट कार्डाच्या रांगेची लांबी सर्वसाधारणपणे १००० पॅकेट असते. एक पूर्ण पॅकेट १५०० बाइटचं धरलं तर भरलेल्या रांगेत १५ लाख बाइट, म्हणजे १२० लाख बिट. अपलोड ५ मेगाबिटचा असेल तर ही रांग रिकामी व्हायला २.४ सेकंद लागतात. फोटोंच्या मागे उभ्या राहिलेल्या आवाजाच्या पॅकेटालाही तेवढंच थांबावं लागतं. पॅकेट हरवलेलं नसतं, फक्त उशिरा पोचतं, आणि उशिरा पोचलेला आवाज कॉलच्या काही कामाचा नसतो. मोडेमच्या आतल्या रांगा याहून लांब असू शकतात. मेमरी स्वस्त झाली तशी बनवणाऱ्यांनी ती ओतत नेली. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ते जगापुढे मांडलं.

कर्नलमध्ये काय दिसतं

आता पाहणी. अपलोड चालू असताना, पिंग चढलेला असताना, ही आज्ञा द्या (टीसी हे कर्नलच्या रांगा हाताळायचं साधन, क्यूडिस्क म्हणजे रांग चालवायची पद्धत):

टीसी -एस क्यूडिस्क शो डेव्ह पीपीपी०

आपल्याकडच्या पुष्कळ फायबर लाइनी पीपीपीओईवर (कंपनीशी लॉगिन करून सत्र जोडण्याच्या पद्धतीवर) चालतात, म्हणून बाहेरचा इंटरफेस, म्हणजे कर्नलचं बाहेर जायचं दार, पीपीपी० धरला आहे. तुमच्याकडे वेगळा असेल तर त्याचं नाव घाला. पहिल्या ओळीत रांगेचा प्रकार येतो. सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सांभाळणारं सॉफ्टवेअर) २०१४ पासून कर्नलला एफक्यू_कोडेल ही रांगेची पद्धत वापरायला सांगतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेच दिसेल. जुन्या सिस्टिमवर पीफिफो_फास्ट ही जुनी पद्धत दिसेल.

नजर ठेवायची ती बॅकलॉग, म्हणजे रांगेत थांबलेला माल, या शब्दावर. पिंग हजाराच्या वर गेलेला आहे, आणि इथे बॅकलॉग चक्क शून्य बाइट, शून्य पॅकेट! बरेच जण इथे गोंधळतात. एफक्यू_कोडेल तर सर्वांत चांगलं म्हणतात, ते लावलेलंही आहे, मग फरक का पडत नाही?

फरक पडत नाही कारण रांग इथे नाहीच. राउटर ते मोडेम ही केबल १ गिगाबिटची, त्यामुळे कर्नल पॅकेट आलं की लगेच पुढे ढकलतो. खरी अडचण मोडेमच्या पलीकडे आहे आणि रांग तिथेच साचते. धोपाव्याच्या जेट्टीवर दाभोळला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असताना तुम्ही गुहागरच्या बाजारपेठेत उभं राहून रुग्णवाहिका आधी सोडलीत, तरी जेट्टीवर ती शेवटच्या गाडीच्या मागेच उभी राहणार. तिला पुढे काढायचं तर रांग तुमच्याकडे लागली पाहिजे, म्हणजे फेरीबोट जेवढ्या गाड्या नेते त्याहून किंचित कमीच गाड्या तुम्ही सोडल्या पाहिजेत. मग जेट्टी मोकळी राहते आणि कोण आधी जाईल हे तुम्ही ठरवता.

वर्गवारीच्या आधी रांग ताब्यात घेणं ही पायरी बहुतेक लोक गाळतात. कॉलला पहिला नंबर, फोटोंना शेवटचा, असे नियम लिहायला सगळ्यांना आवडतं. पण रांग ताब्यात नसेल तर ते नियम अंमलात येत असले तरी त्यांचा परिणाम शून्य.

रांग आपल्याकडे आणणं

आधी खरा अपलोड मोजा, आणि तोही संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी. पॅकेजच्या कागदावरचा आकडा धरू नका. समजा २० मेगाबिट मिळाला. त्याच्या ८५ ते ९५ टक्क्यांत कुठेतरी मर्यादा लावायची. कर्नल ४.१९ किंवा त्यापुढचा असेल, म्हणजे २०१८ च्या शेवटापासूनचा, तर केक ही रांगेची नवी पद्धत वापरा:

टीसी क्यूडिस्क रिप्लेस डेव्ह पीपीपी० रूट केक बँडविड्थ १८एमबिट नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट

आता अपलोड चालू ठेवून पिंग परत बघा. तो मोकळ्या लाइनच्या आकड्याच्या आसपासच राहायला हवा. आणि टीसी -एस मध्ये बॅकलॉग आता शून्य नसेल, ड्रॉप्डचा आकडाही हळूहळू वाढत असेल. ड्रॉप दिसले म्हणून घाबरू नका. पॅकेट टाकून देणं हाच पाठवणाऱ्याला 'सावकाश' म्हणायचा मार्ग आहे. ते योग्य वेळी, थोडंथोडं टाकलं की फोन स्वतःच अपलोडचा वेग आवरतो.

योग्य वेळ कोणती, याचं उत्तर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल या पद्धतीने दिलं, आणि ते मला आजही फार सुंदर वाटतं. रांगेत किती पॅकेट आहेत हे कोडेल बघतच नाही. प्रत्येक पॅकेटला किती वेळ थांबावं लागलं एवढंच ते बघतं. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला तरच पॅकेट टाकायला सुरुवात होते. क्षणभराची गर्दी चालते, ठाण मांडून बसलेली रांग चालत नाही. एरिक ड्युमाझे यांनी त्याला निःपक्ष वाटणीची जोड देऊन एफक्यू_कोडेल लिनक्स ३.५ मध्ये आणलं. त्यात कर्नल प्रत्येक पॅकेटचे पत्ते, पोर्ट आणि प्रोटोकॉल घेऊन हॅश (त्यांवरून ठरणारा एक आकडा) काढतो आणि त्याला १०२४ पैकी एका रांगेत टाकतो. ज्या रांगेत नुकतंच काही आलं आहे आणि जी पटकन रिकामी होते, तिला आधी संधी मिळते. व्हिडिओ कॉलचा आवाज, डीएनएसची (साइटचा पत्ता विचारणारी) चौकशी, यूपीआयची छोटी देवाणघेवाण हे सगळं असंच हलकं असतं. त्यांच्यावर कुणी चिठ्ठी चिकटवलेली नसते, वागणुकीवरूनच कर्नल त्यांना ओळखतो. म्हणूनच माझा आग्रह आहे की घरगुती लाइनवर हाताने वर्ग पाडायच्या भानगडीत शक्यतो पडू नये.

केकने याच्या पुढे जाऊन माणसामाणसांत वाटणी आणली. एफक्यू_कोडेल वाटणी करतं ती प्रवाहांत, म्हणजे जोडण्यांत. एका पाहुण्याच्या फोनने वीस जोडण्या उघडल्या तर त्याला वीस वाटे मिळतात आणि काउंटरवरच्या काकूंना एकच. वरच्या आज्ञेतला ड्युअल-एसआरसीहोस्ट आधी यंत्रांत वाटणी करतो, मग त्या यंत्राच्या प्रवाहांत. आणि नॅट हा शब्द हवाच. बाहेरच्या इंटरफेसवर पोचेपर्यंत घरातल्या सगळ्या फोनांचे पत्ते एकाच सार्वजनिक पत्त्यात बदललेले असतात. नॅट लिहिलं की केक कर्नलच्या जोडणी-नोंदीतून मूळ पत्ता शोधतो. नाही लिहिलं तर सगळं घर त्याला एकच यंत्र दिसतं.

या कामामागे वर्षानुवर्षं राबणाऱ्यांत डेव्ह टॅट होते. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले. खेड्यातल्या साध्या राउटरवर कॉल नीट चालावा म्हणून इतक्या तळमळीने भांडलेली माणसं थोडी असतात.

वर्ग पाडलेच असतील तर

काही ठिकाणी आधीच कुणीतरी एचटीबी (वर्ग पाडून वेग वाटून देणारी पद्धत) लावून ठेवलेलं असतं आणि ते काढायची मालकांची तयारी नसते. तिथे नेहमी सापडणारे घोटाळे असे.

एकक. टीसीमध्ये एमबिट म्हणजे मेगाबिट, पण एमबीपीएस लिहिलंत तर टीसी त्याचा अर्थ सेकंदाला मेगाबाइट असा घेतं. १८ एमबीपीएस लिहिणाऱ्याने मर्यादा १४४ मेगाबिटची लावलेली असते. २० मेगाबिटच्या लाइनवर ती असून नसून सारखीच. टीसी क्लास शो चा आकडा नीट वाचा, तो तिथे उघडा पडतो.

डिफॉल्ट वर्ग. एचटीबीला डिफॉल्ट सांगितलाच नाही, किंवा जो सांगितला तो वर्ग तयारच केला नाही, तर कुठल्याही फिल्टरमध्ये न बसलेलं पॅकेट मर्यादेबाहेरून थेट निघून जातं. चूक म्हणून काहीही दिसत नाही. टीसी -एस क्यूडिस्क शो मध्ये एचटीबीच्या ओळीत डायरेक्ट_पॅकेट्स_स्टॅट असा आकडा असतो. तो शून्याऐवजी सारखा वाढत असेल तर तुमची वाहतूक वर्गांना वळसा घालून जाते आहे. हा आकडा बघायची सवय लावून घ्या, अर्धा दिवस वाचतो.

घरातल्या पत्त्यावर लावलेला फिल्टर. "काउंटरच्या कॉम्प्युटरला पहिला नंबर" म्हणून त्याचा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता पीपीपी० वरच्या फिल्टरमध्ये घातलेला असतो. तो कधीच जुळत नाही, कारण बाहेर जाताना पॅकेट आधी नॅटमधून जातं आणि मग रांगेत येतं. त्यापेक्षा आयपीटेबल्स या फायरवॉलच्या साधनाच्या मँगल टेबलात फॉरवर्ड साखळीवर पॅकेटला मार्क लावा आणि टीसीमध्ये एफडब्ल्यू फिल्टरने तो मार्क वाचा. मार्क पॅकेटसोबत कर्नलच्या आत राहतो, नॅटने तो पुसला जात नाही.

चुकीचा इंटरफेस. नियम पीपीपी० ऐवजी खालच्या इथरनेट कार्डावर लावला तर तिथे आयपीचं पॅकेट पीपीपीओईच्या वेष्टणात असतं. प्रोटोकॉल आयपी म्हणणारा फिल्टर त्याला ओळखत नाही, आणि सगळं डिफॉल्टमध्ये जातं.

वर्गांच्या शेवटच्या टोकांना काय लावलं आहे तेही बघा. एचटीबीच्या वर्गाखाली काही लावलं नसेल तर तिथे साधी, आलं तसं सोडणारी रांग असते. प्रत्येक वर्गाखाली एफक्यू_कोडेल लावा, नाहीतर लांब रांग फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलते. वर्गाचा वेग फारच कमी असेल तर कोडेलचा ५ मिलिसेकंदांचा टार्गेट वाढवावा लागतो. १ मेगाबिटवर एक पूर्ण पॅकेट जायलाच १२ मिलिसेकंद लागतात. तिथे ५ चा हट्ट धरला तर कोडेल विनाकारण पॅकेट टाकत सुटतं. १५ ठेवा. केक हे स्वतः सांभाळतो.

आणि पॅकेटवरची डीएससीपी खूण, म्हणजे ते किती महत्त्वाचं हे सांगणारी चिठ्ठी. तिच्यावर विसंबून वर्ग पाडू नका. बाहेरून येणाऱ्या पॅकेटांच्या खुणा वाटेत बऱ्याचदा पुसल्या जातात, आणि घरातले पुष्कळ ॲप्स खूण लावतच नाहीत.

ओपनडब्ल्यूआरटीवर हार्डवेअर फ्लो ऑफलोड चालू असेल तर तो बंद करा. त्यात पॅकेट कर्नलच्या रांगेला न शिवता चिपमधूनच निघून जातात, आणि तुम्ही लावलेला केक रिकामा बसून राहतो.

खाली येणारी वाहतूक

येणाऱ्या पॅकेटांची रांग सेवा देणाऱ्या कंपनीकडे लागते. आपण ती थेट हलवू शकत नाही, पण वेग आवरून आपल्याकडे ओढू शकतो. इनग्रेस (आत येणाऱ्या पॅकेटांची) क्यूडिस्क लावून सगळं आयएफबी० या आभासी इंटरफेसकडे वळवा आणि तिथे केक लावा, या वेळी ड्युअल-डीएसटीहोस्ट घालून. मर्यादा जरा जास्त घट्ट ठेवा, मोजलेल्या वेगाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास. इथे एक लक्षात ठेवा: इनग्रेस ही जागा आयपीटेबल्सच्याही आधी येते, त्यामुळे मँगलमध्ये लावलेला मार्क इथे अजून पॅकेटवर नसतो. मार्क हवाच असेल तर टीसीची कॉनमार्क ॲक्शन वापरून जोडणीवर साठवलेला मार्क परत आणावा लागतो.

लाइट गेल्यावर काय होतं

आता परत परत येण्याचं कारण. टीसीने लावलेलं काहीही डिस्कवर लिहिलं जात नाही. ते कर्नलच्या मेमरीत, त्या इंटरफेसला चिकटून असतं. इंटरफेस गेला की नियम गेला.

मशीन रीबूट झाल्यावर नियम जातो हे लोकांना माहीत असतं, म्हणून ते अपटाइम, म्हणजे मशीन किती काळ सलग चालू आहे ते, बघतात. अपटाइम महिनाभराचा दिसतो आणि शोध तिथेच थांबतो. पण पावसाळ्यात आपल्याकडे जे होतं ते असं: राउटरचा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरचा डबा, म्हणजे मोडेम, भिंतीवरच्या साध्या प्लगवर. लाइट गेली की डबा बंद पडतो, पीपीपीओईचं सत्र तुटतं आणि पीपीपी० हा इंटरफेसच नाहीसा होतो. लाइट आल्यावर पीपीपी० नव्याने जन्मतो, नाव तेच, रांग मात्र कोरी. कॉम्प्युटर एकदाही बंद झालेला नाही, म्हणून सुरुवातीला चालणारी स्क्रिप्टही परत चालत नाही. इंटरनेट चालू असतं, स्पीड टेस्ट पूर्ण दाखवते, आणि संध्याकाळी कॉल अडकतो.

डेबियनवर उपाय असा: टीसीच्या सगळ्या आज्ञा एका स्क्रिप्टमध्ये घालून ती ईटीसी-पीपीपी खालच्या आयपी-अप.डी या फोल्डरमध्ये ठेवा. सत्र जोडलं गेलं की प्रत्येक वेळी ती चालते. इंटरफेसचं नाव स्क्रिप्टमध्ये पक्कं लिहू नका, पीपीपी_आयफेस या व्हेरिएबलमधून घ्या, कारण नव्या सत्राला वेगळा क्रमांकही मिळू शकतो. ॲड ऐवजी रिप्लेस वापरा. इनग्रेस आणि आयएफबीचा भाग मात्र आधी काढून मग लावा, म्हणजे दुसऱ्यांदा चालताना तक्रार करणार नाही. स्क्रिप्ट चालवण्याजोगी आहे का ते पाहा, आणि तिच्या नावात टिंब नको. शेप.एसएच असं नाव दिलं तर डेबियनचं रन-पार्ट्स ती फाइल मुकाट्याने वगळतं. नुसतं शेप ठेवा. नियम बरोबर, जागा बरोबर, आणि नावातल्या एका टिंबामुळे सगळं अडून बसलेलं मी पाहिलेलं आहे.

ओपनडब्ल्यूआरटीवर हाताने लिहिलेल्या टीसीच्या ओळी काढून टाका आणि एसक्यूएम हे पॅकेज वापरा. इंटरफेस परत आला की ते स्वतः नियम लावतं.

फायबर गेल्यावर ४जी डोंगलवर जाण्याची सोय असेल तर तिथे इंटरफेसच वेगळा असतो, आणि त्यावर तुमचा कुठलाच नियम नसतो. त्याला स्वतंत्र केक लावा. मोबाइलचा वेग टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे बदलतो, सुट्टीत किनाऱ्यावर पर्यटक उतरले की तर फारच, म्हणून मर्यादा मोजलेल्या सर्वांत कमी वेगाजवळ ठेवा. वेग थोडा वाया जाईल, पण कॉल टिकेल. ओपनडब्ल्यूआरटीवर केक-ऑटोरेट नावाची स्क्रिप्ट पिंग बघत ही मर्यादा आपोआप वरखाली करते. ४जीवरच दिवस काढावे लागत असतील तर ती बसवून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर लाइट जायची वाट बघू नका. कॉम्प्युटर चालू ठेवून फक्त फायबरच्या डब्याचा स्विच दोन मिनिटं बंद करा, मग लावा. इंटरनेट आलं की अपलोड सुरू करून टीसी -एस क्यूडिस्क शो द्या. पहिल्या ओळीत केक आणि तुमची मर्यादा दिसली, बॅकलॉग हलताना दिसला, तर मालकांना बिल द्यायला हरकत नाही. तिथे नुसतं एफक्यू_कोडेल दिसलं आणि बॅकलॉग शून्यावर बसलेला असेल, तर स्क्रिप्ट चाललेली नाही. आधी तिच्या नावातलं टिंब बघा, मग परवानग्या.